मानांकनाच्या आदल्या आठवड्यातली तक्रार

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गुन्ह्याचा, हे कधी कधी मलाही नीट सांगता येत नाही. धायरीच्या कबड्डी मंडळाचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहे. तसे ते फार गाजले नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या असतील. तरीही पोलीस खात्याने तुम्हाला काय शिकवले असे कोणी विचारले, की मी हेच सांगत बसतो. नावे कोणाचीच देणार नाही. त्यातली मुले अजून तरुण आहेत, त्यांना पुढे बरेच जगायचे आहे. मंडळातली मुले ज्यांना जे म्हणत, तेच मीही म्हणेन.

मी तेव्हा सिंहगड रस्त्याच्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी घ्यायची, बीटवरच्या लोकांना कामे वाटून द्यायची आणि मग खोलीत बसून तक्रारदारांना भेटायचे, असा आमचा रोजचा क्रम. सोसायटीतले पार्किंगचे भांडण, हरवलेला मोबाइल, भाडेकरू खोली सोडत नाही, अशा तक्रारी जास्त. त्या दिवशी ठाणे अंमलदार आत आला आणि जरा गोंधळलेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, एक बाई आल्यात. म्हणतात, तक्रार आमच्याच मंडळाची आहे, पण तक्रार म्हणून लिहू नका."

"मग काय म्हणून लिहायची?"

"तेच मी विचारलं. म्हणाल्या, साहेबांनाच सांगते."

बाई चाळिशीच्या असतील. खांद्याला ऑफिसची बॅग, त्यातून डब्याचे टोक बाहेर आलेले. एका सरकारी कार्यालयात नोकरी करत होत्या आणि कामावर जाता जाता आल्या होत्या. मूळच्या अकोल्याकडच्या, लग्नानंतर पुण्यात आलेल्या. त्यांची मुलगी या मंडळात कबड्डी खेळायची. मंडळातली सगळी मुले त्यांना ताई म्हणत.

ताईंनी आधी मला मंडळाची परिस्थिती समजावून सांगितली. गावातले जुने मंडळ, कालव्याजवळचे मातीचे मैदान, मुले आणि मुली दोन्हींचा सराव. या मंडळाने एका मानांकनासाठी अर्ज केला होता. लहान मुले जिथे खेळायला येतात तिथे कोणत्या गोष्टी असल्याच पाहिजेत, याचे त्या मानांकनाचे नियम होते. प्रशिक्षक शिकलेला हवा, प्रथमोपचाराची सोय हवी, मुलींच्या सरावाला एखादी बाई हजर हवी, पालकांच्या बैठका व्हायला हव्यात.

"आणि मुलांना काही सांगायचं असेल तर ऐकायला एक ठरलेलं माणूस हवं," ताई म्हणाल्या. "ते माणूस मी."

"मानांकन मिळून होतं काय?"

"जवळच्या बंदिस्त सभागृहात संध्याकाळी मॅट मिळते साहेब. आमच्या पोरी मातीत खेळतात. अंधारलं की सराव बंद. थंडीत तर त्यांना धड तासभरही मिळत नाही."

मानांकन देणाऱ्या समितीची माणसे पुढच्या आठवड्यात पाहणीला येणार होती. आणि आदल्या संध्याकाळी मुलींच्या संघातल्या एकीने ताईंना बाजूला घेऊन सांगितले होते, की कुमार संघातला त्यांचा सगळ्यात चांगला चढाईपटू बरा दिसत नाही. त्याचे हात थरथरतात, घाम थांबत नाही, त्याला झोप येत नाही. दंडावर काळानिळा डाग आहे. तिने खोदून विचारले तेव्हा तो म्हणाला होता, की दम वाढवायचे इंजेक्शन घेतले आहे, कोणाला बोलू नकोस.

पोरगा सोळा वर्षांचा. ताई तशाच त्याच्या घरी गेल्या आणि त्याच्या आईला बरोबर घेऊन त्याला दवाखान्यात नेले. हृदयाचे ठोके फार जलद आणि अनियमित होते. डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेतले. शस्त्रक्रियेत रक्तदाब एकदम उतरला तर डॉक्टर जे औषध वापरतात, तसले काहीतरी याच्या अंगात गेले असावे, असा त्यांचा अंदाज होता. व्यायामशाळांत ते चोरून विकले जाते, हे आम्हालाही माहीत होते. पण आजवर आमच्याकडे आलेली उदाहरणे मोठ्या माणसांची होती.

"मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलंत?" मी विचारले.

"अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, पाहणी तेवढी होऊन जाऊ दे, मग बघू."

"मग तुम्ही का आलात?"

ताईंनी बॅगेचा पट्टा घट्ट धरला. "तोवर दुसऱ्या कुणाला काही झालं तर? मला रात्रभर तेच वाटून राहिलं."

मी त्यांना स्पष्ट सांगितले. ताई, लिहिल्याशिवाय मला हलता येत नाही. तुम्ही गुपचूप सांगायचे आणि मी गुपचूप बघायचे, असे पोलिसांचे काम चालत नाही. बाहेर कोणीतरी टँकरवाल्याबद्दल मोठ्याने तक्रार करत होते, ते ऐकू येत होते. मग त्या म्हणाल्या, "लिहा. खाली माझं नाव लिहा."

गुन्हा नोंदवला. आमच्या ठाण्यात मुलांच्या प्रकरणांसाठी नेमलेली एक उपनिरीक्षक होती, पोरगेलीच, पण नजर तयार. तिला घेऊन मी दवाखान्यात गेलो. दोघेही साध्या कपड्यांत. मुलासमोर वर्दी घालून उभे राहायचे नाही, हा कायदाही आहे आणि साधी समजही आहे.

मुलगा उशीला टेकून बसला होता. आई बाजूला. वडील नऱ्ह्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करत, ते पाळी संपवून यायचे होते. मुलगा आमच्याशी नीट बोलला, पण ठरवून ठेवलेले तेवढेच. म्हणाला, "मोबाइलवर बघितलं आणि मागवलं. मीच टोचून घेतलं. कुणी दिलं नाही."

उपनिरीक्षकेने त्याला सोललेले सफरचंद पुढे केले. त्याने उजव्या हाताने घेतले. ती त्याच्याशी कबड्डीबद्दल, शाळेबद्दल बोलत राहिली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाली, "सर, डाग उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला आहे. तो सगळं उजव्या हाताने करतो. तिथं स्वतःचं स्वतःला टोचणं त्याला जमणार नाही."

म्हणजे टोचणारे दुसरे कोणीतरी होते. आणि मुलगा त्याला वाचवत होता.

दुपारी मी मैदानावर गेलो. अण्णा तिथेच होते. साठीचे, अंगाने अजून कणखर, एके काळचे नावाजलेले पकडपटू. धायरी गाव होते तेव्हापासूनचे रहिवासी. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"तुम्ही आलात म्हंजे बाईंनी ऐकलं न्हाय," ते म्हणाले.

"बरं झालं नाही ऐकलं ते."

"साहेब, मी काय पोराचा वैरी हाय का? पण ह्या मॅटसाठी आम्ही किती हेलपाटे घातलेत ते आमचं आम्हाला म्हाईत. तोंडाशी आलंय. आता असलं काही बाहेर गेलं, तर कोण देतंय मानांकन?"

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. घाबरलेल्या माणसाशी वाद घातला, की तो आपल्याच बाजूला आणखी घट्ट चिकटतो. मी फक्त एवढेच म्हटले, की मुलगा अजून दवाखान्यात आहे, जमले तर बघून या.

पहिला संशय साहजिकच प्रशिक्षकांवर गेला. मुले त्यांना सर म्हणत. एका शाळेत ते शारीरिक शिक्षण शिकवत होते आणि शहराच्या जुन्या भागातून रोज स्कूटरवर येत. जिल्ह्याची निवड चाचणी जवळ आली होती आणि सर्वांदेखत त्यांनी या मुलाला सुनावले होते, की दुसऱ्या डावात तुझी हवा जाते, असाच राहिलास तर सातांत बसणार नाहीस. ही गोष्ट मला तिघा-चौघांनी सांगितली.

सरांना ठाण्यात बोलावले. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्चीवर ताठ बसले.

"दम वाढवायला तुम्ही त्याला काही सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. पर्वतीच्या पायऱ्या चढ म्हणून."

"आणि औषध वगैरे?"

"साहेब, मी मुलांना क्रीमचं बिस्कीटसुद्धा खाऊ देत नाही. आपल्याला औषध हवं असेल तर आपल्या ठाण्याच्या समोरच दुकान आहे."

माझा हवालदार हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागला. मी सरांना बराच वेळ बसवून ठेवले, प्रश्न उलटसुलट करून विचारले. ते चिडले, दोनदा उठून उभे राहिले, पण दर थोड्या वेळाने त्यांचा एकच प्रश्न यायचा. पोरगा कसा आहे? डॉक्टर काय म्हणाले? तो पुन्हा खेळू शकेल का? आपण पकडले जाऊ अशी भीती असलेला माणूस हे विचारत नाही. त्याला आपल्याविषयी काय कळले आहे ते जाणून घ्यायचे असते. सरांना मी जाऊ दिले.

मुलांशी बोलणे बाकी होते. ते आम्ही मंडळाच्या छोट्या खोलीत केले, पालक आणि ताई समोर असताना. तिथे सगळी व्यवस्था एका तरुणाने केली. खुर्च्या लावल्या, पालकांना फोन केले, सगळ्यांना पाणी दिले. तो याच मंडळाचा जुना खेळाडू. आता जवळच एक व्यायामशाळा चालवत होता आणि संध्याकाळी मुलांचा सराव घ्यायला येत होता. मुले त्याला दादा म्हणत आणि त्याच्यावर जीव टाकत. मला पाणी देताना त्याने हळूच विचारले, "साहेब, तो काही बोलला का?"

"अजून नाही," मी म्हटले.

एकेका मुलाला बोलावले. पहिला म्हणाला, "आम्हाला काही माहीत नाही. मंडळाचं मानांकन गेलं तर पोरींना मॅट मिळणार नाही." दुसरा खाली मान घालून म्हणाला, "काही माहीत नाही. मानांकन गेलं तर पोरींना मॅट मिळणार नाही." तिसऱ्यानेही तेच. शब्दही तेच आणि क्रमही तोच.

पोलिसाच्या कानाला ही सवय असते. खरी माहिती दहा जणांकडून दहा तऱ्हांनी येते. एक जण कपड्याचा रंग विसरतो, एक जण वेळ चुकवतो. सगळ्यांकडून एकच वाक्य आले, की ते कोणीतरी दिलेले असते. आणि या वाक्यात मला आणखी एक गोष्ट खटकली. कोणाचा तरी जीव धोक्यात आला होता आणि मुलांच्या तोंडी तो नव्हताच. त्यांच्या डोक्यावर मानांकनाचे ओझे ठेवले होते. जो नियम मुलांनी बोलावे म्हणून केला होता, त्याचाच वापर त्यांना गप्प बसवायला झाला होता.

तपासी अधिकारी म्हणून त्या क्षणी मला दादाचा प्रश्न आठवला. पण आठवण हा पुरावा नसतो. मुलगा बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नव्हते.

त्याला दवाखान्यातून घरी सोडले, तेव्हा त्याचा जबाब कुठे घ्यायचा हा प्रश्न आला. ठाण्यात नको होताच. घरी वडिलांसमोर तो आणखी आक्रसत होता, कारण वडील सारखे म्हणत होते की एवढे कष्ट करून तुला खेळायला पाठवतो आणि तू हे करतोस. आम्ही त्यालाच विचारले. तो म्हणाला, "ताईंच्या घरी."

ताईंचे घर दोन खोल्यांचे, चौथ्या मजल्यावर. समोरच्या कपाटावर बुद्धाची लहान मूर्ती आणि मुलीने जिंकलेली ढाल. मुलगा आईजवळ सतरंजीवर बसला. उपनिरीक्षक त्याच्यासमोर बसली, मी खिडकीजवळ. ताईंनी पोहे केले होते. त्याने चार घास खाल्ले.

"कुणी टोचलं ते आम्हाला सांगायचं नसेल तर ताईंना सांग," उपनिरीक्षक म्हणाली.

त्याने बशी खाली ठेवली. मग ताईंना म्हणाला, "मी बोललो तर मॅट जाईल. सगळे म्हणतील, ह्याच्यामुळे गेली. तुमची पण मुलगी आहे ना संघात."

"हे तुला कोण म्हणालं?" ताईंनी विचारले.

त्याने आईकडे बघितले.

तेवढ्यात दार वाजले. बाहेर अण्णा होते. मी त्यांना बोलावले नव्हते, ताईंनीही नव्हते. ते आत आले, चपला काढल्या आणि मुलासमोर खाली बसले. नंतर मला कळले, की मुलगा दवाखान्यात असतानाच ते त्याला बघून आले होते. मुलाच्या आईने त्यांना दोष दिला नव्हता. ती एवढेच म्हणाली होती, "अण्णा, तो तुमच्याकडं असतो म्हणून मला कधी काळजी वाटली नाही." ते वाक्य घेऊन अण्णा घरी गेले होते आणि त्यांना जेवण गेले नव्हते.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर मानांकन समितीच्या बाईंना लावला. स्पीकर चालू केला.

"मॅडम, धायरीच्या मंडळातून बोलतोय. आमच्या एका पोराला कुणीतरी सुई टोचलीय, दम वाढवायची. पोरगं दवाखान्यात होतं. पोलीस तपास करतायत. मी हे आधीच कळवायला पायजे होतं. पाहणीला यायचं का न्हाय ते तुम्ही ठरवा. आमच्याकडून काही लपवायचं न्हाय."

मग त्या बाईंनी विचारले, "मुलगा कसा आहे?"

"बरा हाय. समोरच बसलाय."

"त्याची काळजी घ्या. बाकीचं मी समितीशी बोलून कळवते."

अण्णांनी फोन खाली ठेवला. मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "जायचं ते आता माझ्यामुळं गेलं. तुझ्या डोक्यावर काही न्हाय. तू बोल."

मुलगा रडायला लागला. आईने त्याला जवळ घेतले. थोड्या वेळाने, चेहरा तिच्या खांद्यावरच ठेवून तो म्हणाला, "दादांनी दिलं."

अण्णांनी डोळे मिटले. दादाला कबड्डी त्यांनीच शिकवली होती.

पुढचे काम नेहमीच्या रीतीने झाले. दोन पंच घेतले, औषध प्रशासनाच्या निरीक्षकांना बरोबर बोलावले आणि व्यायामशाळेची झडती घेतली. पोटाच्या व्यायामाचे एक फोमचे बाक होते. त्याचे खालचे कापड उसवून पुन्हा टाचलेले उपनिरीक्षकेला दिसले. आत औषधाच्या बाटल्या आणि सुया. पंचनामा करून सगळे सीलबंद केले आणि दादाला ताब्यात घेतले.

चौकशीत तो आधी म्हणाला, बाटल्या माझ्या नाहीत. मग म्हणाला, मुलगा खोटे बोलतो. मग तोंडच बंद केले. अशा वेळी आवाज चढवून उपयोग नसतो. मी चहा मागवला आणि त्याला त्याच्या खेळाबद्दल विचारले. कधीपासून खेळतोस, कोणत्या जागेवर खेळायचास, शेवटचा मोठा सामना कोणता. तो हळूहळू बोलू लागला. एका निवड चाचणीत पहिल्या डावात तो सगळ्यांच्या वर होता. दुसऱ्या डावात दम गेला आणि निवड समितीसमोर त्याची सलग पकड झाली. त्यानंतर त्याला पुन्हा कोणी बोलावले नाही.

"ह्या पोराचं माझ्यासारखं होऊ नये म्हणून दिलं साहेब," तो म्हणाला. "मी स्वतः घेतो. मला काय झालंय?"

चहाचा कप त्याच्या हातात नीट राहत नव्हता. बशीत चहा सांडला होता. मी त्या बशीकडे बघितले, आणि मग त्यानेही बघितले.

"आणि व्यायामशाळेतल्या पोरांना? त्यांना कसली निवड चाचणी होती?"

मुलाला मदत करायची होती हे त्याचे म्हणणे मला खोटे वाटले नाही. पण ते पुरते खरेही नव्हते. व्यायामशाळेत तो ते विकत होता आणि मुलांना गप्प बसवायची युक्तीही त्यानेच काढली होती. आपले मंडळावर प्रेम आहे, असे त्याला अगदी मनापासून वाटत होते. मला नोकरीत असे बरेच भेटले. आपल्या हातून वाईट घडते आहे हे ज्याला माहीत असते, तो कधीतरी थांबतो. आपण भलेच करतो आहोत असे ज्याला वाटते, त्याला दुसऱ्याने थांबवावे लागते.

संध्याकाळपर्यंत त्याने सगळे सांगितले. माल कोण पुरवत होता तेही सांगितले. ती साखळी शहराबाहेर जात होती, म्हणून तो भाग गुन्हे शाखेकडे गेला. दादावर खटला चालला आणि त्याला शिक्षा झाली. कोठडीत असतानाच त्याच्यावर उपचार सुरू झाले होते. त्याची आई एकदा मला भेटून गेली. म्हणाली, "साहेब, तो आता झोपतो."

बातमी पसरली तेव्हा मंडळ बुडणार असेच सगळ्यांना वाटले. काही पालकांनी मुलांना घरी ठेवले. पण त्याच आठवड्यात दोन मुले आपापल्या आईवडिलांना घेऊन ताईंकडे आली. त्यांनाही दादाने इंजेक्शन दिले होते. दोघांची तपासणी झाली, दोघेही ठीक होते. ती मुले तेव्हा आली नसती, तर पुढे काय झाले असते हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मानांकन समितीची माणसे ठरलेल्या दिवशी आली. अण्णांनी मलाही बोलावले होते, मी मागे उभा राहिलो. समितीच्या बाई मैदानभर फिरल्या, मुलींशी बोलल्या, सरांना त्यांचे चार तिरकस टोले मारू दिले. शेवटी अण्णांना म्हणाल्या, "आज मानांकन देता येणार नाही."

"मला ठाऊक हाय," अण्णा म्हणाले.

"पूर्ण ऐका तरी. हे लपवून तुम्ही मानांकन घेतलं असतं आणि मागाहून आम्हाला कळलं असतं, तर ते काढून घ्यावं लागलं असतं. तुम्ही सांगितलंत. आता यातून काय बदलता ते आम्हाला दाखवा. आम्ही परत येऊ."

अण्णांना हे पटायला वेळ लागला. पण ते कामाला लागले. प्रशिक्षकाला जे नियम होते, ते मदतीला येणाऱ्या प्रत्येक माणसाला लागू केले. मुलांबरोबर मोठे माणूस एकटे थांबणार नाही, दोघे तरी असतील, असे ठरले. सरांनी ओळखीच्या डॉक्टरांना आणून पालकांची बैठक घेतली, आणि ताकदीच्या औषधांनी काय होते ते डॉक्टरांनी मुलांसमोर सोप्या भाषेत सांगितले. आमची उपनिरीक्षकही त्या बैठकीला गेली. घरी ठेवलेली मुले परत मैदानावर दिसू लागली. त्या वर्षीची थंडी मुलींनी मातीतच काढली. पुढच्या उन्हाळ्यात समिती पुन्हा आली आणि मंडळाला मानांकन मिळाले. मॅटवरच्या पहिल्या सरावाला मला आमंत्रण होते. मुली मॅटला पाय लावायच्या आधी वाकून हात लावत होत्या. अण्णा एका कोपऱ्यात पाठ करून उभे होते आणि बराच वेळ कोणाकडे वळत नव्हते.

त्या मुलाला डॉक्टरांनी काही महिने खेळायला बंदी केली. त्या काळात तो सरांच्या बाजूला बसून गुण मांडायचा. जिल्हा संघात त्याची निवड झाली नाही, त्या वर्षीही नाही आणि पुढेही नाही. पण तो अजून खेळतो. आता कॉलेजच्या संघात आहे. दुसऱ्या डावात अजूनही थोडा दमतो, असे सर सांगतात.

प्रकरण संपल्यावर मी एकदा ताईंना विचारले होते, की ती मुलगी थेट तुमच्याकडेच कशी आली? इतकी मोठी गोष्ट आहे, आईला सांगितली असती, सरांना सांगितली असती. ताई म्हणाल्या, "साहेब, ती रोजच काहीतरी सांगत असते. बूट चावतो, माझी बाटली कुणीतरी घेतली, आज मला शेवटी उतरवलं. मी ऐकत असते. त्यातच तिनं हेही सांगितलं."

मी यावर बराच विचार केला. आमच्याकडे गोष्टी येतात त्या घडून गेल्यावर. फिर्याद, पंचनामा, अटक हे सगळे नंतरचे असते. ताईंनी जे केले ते आधीचे होते. मुले मोठी गोष्ट एकदम सांगत नाहीत. आधी बारीकसारीक सांगून बघतात, समोरचा माणूस ऐकतो का, हसतो का, रागावतो का. तिथे आपण टाळले, तर पुढची गोष्ट आपल्यापर्यंत येतच नाही. मानांकनाच्या नियमात एका ओळीत लिहिले होते, की ऐकायला एक माणूस असावे. ते माणूस रोज तिथे बसून सगळे ऐकेल का, हे कोणत्याही पाहणीत दिसत नाही. ताई मात्र रोज बसत होत्या, म्हणून एक मुलगा वाचला.

निवृत्तीनंतर अण्णांचा फोन आला. मुलींच्या संध्याकाळच्या सरावाला ताईंच्या जोडीला आणखी एक मोठे माणूस हवे होते. "घरी बसून काय करताय साहेब? या हिकडं," ते म्हणाले. मंडळाच्या नियमाप्रमाणे मलाही चारित्र्य पडताळणीचा दाखला द्यावा लागणार होता. मी घराजवळच्या ठाण्यात गेलो. समोरचा शिपाई नवा होता, त्याने मला ओळखले नाही.

"काका, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झालाय का?" त्याने वर न बघता विचारले.

"नाही. मी करायचो दाखल."

त्याने वर बघितले. मग निमूटपणे माहिती भरू लागला.

आता आठवड्यातून तीन संध्याकाळी मी त्या सभागृहात असतो. कबड्डीतले मला फारसे कळत नाही. माझे काम मॅटच्या कडेला बसणे. पहिले काही दिवस मुली माझ्याशी बोलतच नव्हत्या. माझी सवय अशी, की समोरच्याने मुद्द्याचे तेवढे बोलावे. ती मोडायला मला वेळ लागला. मग एका संध्याकाळी नवीन आलेली एक लहान मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि सांगू लागली, की तिच्या मैत्रिणीने आज तिच्याशी बोलायचे नाही असे ठरवले आहे, आणि त्याचे कारण शाळेतल्या खोडरबरापासून सुरू होते. ते कारण बरेच लांब होते. मी ते सगळे ऐकून घेतले.